बंद करणे खालच्या हाती, उघडणे वरच्या: जून २०२१ च्या पंचस्तरीय आदेशाचा प्रकरण अभ्यास

३ जून २०२१ रोजी, गुरुवारी, तत्कालीन मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी महाराष्ट्रातले १८ जिल्हे कोविडच्या निर्बंधांतून पूर्ण खुले होणार असे जाहीर केले. दुकानदार शटर वर करायच्या तयारीला लागले. काही तासांतच सरकारकडून खुलासा आला की असा निर्णय झालेला नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. प्रत्यक्ष आदेश ४ जूनला रात्री उशिरा निघाला आणि सोमवार, ७ जूनपासून लागू झाला. आपत्तीचा विषय ज्या खात्याकडे, त्याच खात्याच्या मंत्र्याचा शब्द एक दिवसही टिकला नाही.

या आदेशाने राज्याचे पाच स्तर केले आणि कोणता भाग कोणत्या स्तरात जाईल हे आकड्यांवर सोपवले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘अधिकारांचे विकेंद्रीकरण’ म्हटले. ते कितपत खरे होते हे इथे पाहायचे आहे. राज्य सरकार, महापालिका, जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायत यांच्यात आणीबाणीत सत्ता नेमकी कशी वाटली जाते, हे या एका आदेशातून जितके उघड दिसते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच दिसेल.

कायद्याने कोणाला काय दिले होते

तीन कायदे एकाच वेळी चालू होते. पहिला साथरोग अधिनियम, १८९७, म्हणजे मुंबईतल्या प्लेगच्या साथीत इंग्रजांनी घाईने केलेला चार कलमांचा कायदा. त्याचे कलम २ राज्य सरकारला जवळजवळ हवा तो नियम करण्याची मुभा देते. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० रोजी लागू केला आणि दुसऱ्या दिवशी कोविड विनियम काढून विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्तांना त्यांच्या हद्दीत कारवाईचे अधिकार दिले.

दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. याची उतरंड सरळ आहे. वर राष्ट्रीय प्राधिकरण, खाली मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचे राज्य प्राधिकरण, मुख्य सचिवांची राज्य कार्यकारी समिती आणि त्याखाली कलम २५ मधले जिल्हा प्राधिकरण. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. महापौराचा उल्लेख नाही, पालकमंत्र्याचाही नाही. कलम ४१ मध्ये ‘स्थानिक प्राधिकरण’ आहे, पण त्याची कामे जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांच्या अधीन ठेवली आहेत: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, साधनसामग्री तयार ठेवणे, मदतकार्य. ठरवणारा एक आणि राबवणारा दुसरा, ही विभागणी कायद्यातच आहे.

तिसरा कायदा महापालिकांचा स्वतःचा. मुंबईला १८८८ चा, बाकीच्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. नगरसेवकांच्या तोंडी असलेले ‘सदुसष्ट तीन क’ म्हणजे या १९४९ च्या अधिनियमाचे कलम ६७ (३) (क). अचानक अपघात, अनपेक्षित घटना किंवा नैसर्गिक आपत्तीत जीविताला धोका असेल तर आयुक्त तातडीने खर्च व कारवाई करू शकतात. अट एकच: काय केले, का केले आणि खर्च किती आला याचा अहवाल लगेच स्थायी समितीला व सर्वसाधारण सभेला द्यायचा. कोविडमधली विनानिविदा खरेदी बहुतांशी याच वाटेने झाली.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आहे आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना स्वराज्य संस्था म्हटले आहे. पण नगरपालिकांच्या अधिकारांबाबतचा अनुच्छेद २४३-डब्ल्यू राज्य विधिमंडळाने जितके दिले तितकेच देतो. निर्बंध घालण्याचा वा उठवण्याचा अधिकार कोणत्याही महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला कधीच दिलेला नव्हता. म्हणून २०२०-२१ मध्ये ‘स्थानिक पातळीवर निर्णय’ असे जेव्हा छापून आले, तेव्हा त्याचा अर्थ ‘राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय’ एवढाच होता. हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच गोंधळ आपोआप उलगडतात.

वर्षभराची ओढाताण

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सांगितले की आमच्यापेक्षा कडक नियम करा, सैल करू नका. केरळने उपाहारगृहांना व काही सेवांना सूट दिली तेव्हा त्याला पत्र आले आणि सूट मागे घ्यावी लागली. हे तत्त्व एकदिशा झडपेसारखे होते: कडकपणा खालून वर कोणालाही वाढवता येई, ढिलाई मात्र वरूनच यायची. राज्यानेही हेच तत्त्व पुढे आपल्या जिल्ह्यांना व महापालिकांना लावले.

त्याचा पहिला ठळक अनुभव मद्याच्या दुकानांचा. मे २०२० च्या सुरुवातीला राज्याने ती उघडायला परवानगी दिली. ४ मेला मुंबईत रांगाच रांगा लागल्या. ५ मेला मुंबई महापालिका आयुक्तांनी आपल्या आदेशाने ती पुन्हा बंद केली. राज्याचा आदेश खालच्या अधिकाऱ्याने फिरवला आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही, कारण तो कडकपणाच्या बाजूने होता. उलट दिशेने, राज्याने बंद ठेवलेले एखाद्या आयुक्ताने उघडले असते, तर आदेश संध्याकाळपर्यंत रद्द झाला असता.

जून २०२० अखेरच्या राज्याच्या आदेशात जिल्हाधिकारी व आयुक्तांना ठरावीक भागांत जादा निर्बंध घालण्याची मुभा स्पष्ट लिहिली होती. लगेच जुलैमध्ये ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई यांनी आपापली टाळेबंदी लावली, पुणे व पिंपरी-चिंचवडने १३ ते २३ जुलै अशी लावली. प्रत्येक शहराच्या तारखा निराळ्या, सवलतीचे नियम निराळे. ठाण्यात राहून मुंबईत काम करणाऱ्याला दोन आयुक्तांचे दोन आदेश वाचावे लागत. त्यातच मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ नका असा नियम जाहीर करून गाड्या जप्त केल्या. पोलीस आयुक्त ना महापालिकेच्या हाताखाली, ना जिल्हाधिकाऱ्यांच्या, ते गृहखात्याचे. रस्त्यावर कोणाचा आदेश चालतो, तर ज्याच्या हातात काठी त्याचा, हे लोकांना त्या आठवड्यात कळले.

मग २९ ऑगस्ट २०२० च्या आदेशाने केंद्राने दोर आवळला: प्रतिबंधित क्षेत्राबाहेर स्थानिक टाळेबंदी लावायची तर राज्याने आधी केंद्राशी सल्लामसलत करावी. त्याचा परिणाम सप्टेंबरमध्ये दिसला. रुग्ण वाढत होते, पण टाळेबंदी म्हणता येत नव्हते, म्हणून गावोगावी ‘जनता कर्फ्यू’ सुरू झाला. नागपुरात शनिवार-रविवारचा जनता कर्फ्यू महापौरांनी पुकारला. ज्या पदाला एकही दुकान बंद करण्याचा अधिकार नाही, त्या पदावरून ते आवाहन होते. ज्याने पाळले त्याने पाळले, ज्याने दुकान उघडे ठेवले त्याच्यावर गुन्हा दाखल करायला कलमच नव्हते.

आदेशाची रचना

या पार्श्वभूमीवर ४ जून २०२१ चा आदेश खरोखरच विचारपूर्वक केलेला होता, हे आधी मान्य केले पाहिजे. कोणाच्या मर्जीने काही होऊ नये म्हणून दोनच निकष ठेवले: आठवड्याचा बाधित दर, म्हणजे चाचण्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह, आणि ऑक्सिजन खाटांपैकी किती टक्के भरलेल्या.

पहिला स्तर: बाधित दर ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या.
दुसरा: दर ५ च्या आत आणि खाटा २५ ते ४० टक्के.
तिसरा: दर ५ ते १० किंवा खाटा ४० टक्क्यांच्या वर.
चौथा: दर १० ते २० किंवा खाटा ६० च्या वर.
पाचवा: दर २० च्या वर किंवा खाटा ७५ च्या वर.

यातला ‘आणि’ व ‘किंवा’ नीट पाहावा. खालच्या दोन स्तरांत दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, वरच्या तीन स्तरांत एक पुरे. म्हणजे निर्बंध वाढायला एक कारण बस, कमी व्हायला दोन्ही कारणे हवीत. झडप इथेही होतीच, फक्त आता ती सूत्रात बसवली होती.

पहिल्या स्तरात व्यवहार जवळपास नेहमीसारखे. तिसऱ्यात सगळी दुकाने दुपारी चारपर्यंत, अत्यावश्यक नसलेली शनिवार-रविवार बंद, संध्याकाळी पाचनंतर संचारबंदी. चौथ्यात अत्यावश्यक सोडून बाकी दुकाने बंदच, खाणावळींना फक्त पार्सल. एका स्तराचा फरक म्हणजे कापड दुकानदाराच्या महिन्याच्या भाड्याचा प्रश्न होता.

वेळापत्रक असे: गुरुवारी सार्वजनिक आरोग्य विभागाने आकडे जाहीर करायचे, त्यावरून आयुक्त वा जिल्हाधिकाऱ्यांनी स्तर ठरवून आदेश काढायचा आणि सोमवारपासून तो लागू करायचा. मधले शुक्रवार-शनिवार बैठकांचे.

घटक कसे पाडले

मुंबई आणि २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून जास्त लोकसंख्या असलेल्या महापालिका हे स्वतंत्र प्रशासकीय घटक. जिल्ह्याचा उरलेला भाग हा दुसरा घटक. या निकषात दहा शहरे बसतात: मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, औरंगाबाद आणि नवी मुंबई. सोलापूरची २०११ ची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार. निकष जसाच्या तसा लावला तर पन्नास हजारांच्या कमतरतेपायी ते शहर पंढरपूर, अकलूज, बार्शीच्या आकड्यांत मिसळते. आणि जनगणना तेव्हाच दहा वर्षे जुनी.

ठाणे जिल्ह्यात या रेषेचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. जिल्ह्यात सहा महापालिका. ठाणे, कल्याण-डोंबिवली व नवी मुंबई स्वतंत्र घटक. उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर या तीन महापालिकांना स्वतःचे आयुक्त, स्वतःची रुग्णालये, पण स्तर मात्र मुरबाड-शहापूरच्या ग्रामीण भागासह निघणाऱ्या सरासरीवर. उल्हासनगर कल्याणला खेटून आहे. दोन्हीकडची माणसे एकाच बाजारात जातात. तिथे दोन स्तर लागले तर गिऱ्हाईक पूल ओलांडून पलीकडे जाणार, गर्दी कमी होणार नाही. शिवाय ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण आणि उल्हासनगर एकत्र येतात, तर मीरा-भाईंदरचे आयुक्तालय वसई-विरारबरोबर, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शहराबरोबर. नाक्यावरच्या हवालदाराने एका चौकात एक नियम आणि पुढच्या चौकात दुसरा लावायचा. महापालिकेची, जिल्ह्याची आणि पोलिसांची हद्द एकमेकांवर बसत नाही, ही आपल्याकडची जुनी अडचण आहे. आणीबाणीत ती सर्वांत आधी डोके वर काढते.

आकडे कुठे वाकतात

बाधित दर हा अपूर्णांक आहे आणि त्याचा छेद प्रशासनाच्या हातात असतो. समजा एका शहराने आठवड्यात १०,००० चाचण्या केल्या आणि ६०० पॉझिटिव्ह आले. दर ६ टक्के, तिसरा स्तर. पुढच्या आठवड्यात तेवढ्याच चाचण्या करून शिवाय बाजारपेठेतल्या व कारखान्यांतल्या धडधाकट माणसांच्या ४,००० चाचण्या केल्या, त्यात ४० सापडले. आता ६४० भागिले १४,०००, म्हणजे ४.५७ टक्के. साथ तितकीच, दर पाचच्या खाली. याउलट जिथे चाचणी फक्त लक्षणे असलेल्यांची होते तिथे दर फुगतो. त्यात रॅपिड अँटीजेन चाचणी लक्षणे नसलेल्यांत बरेच रुग्ण चुकवते, त्यामुळे तिचे प्रमाण वाढवले की दर उतरतो. राज्याच्या हे ध्यानात आले आणि २५ जूनच्या आदेशात फक्त आरटी-पीसीआर धरा असे सांगितले गेले. पण त्याने लहान जिल्ह्यांची वेगळी कुचंबणा झाली: प्रयोगशाळा कमी, आरटी-पीसीआर मोजक्याच आणि त्या बहुधा संशयितांच्याच, म्हणून दर चढा.

खाटांच्या टक्केवारीलाही छेद आहे. ७०० पैकी ३०० ऑक्सिजन खाटा भरल्या तर ४२.९ टक्के, तिसरा स्तर. शंभर खाटा वाढवल्या की ३७.५ टक्के. जंबो केंद्र, म्हणजे कोविडसाठी उभारलेले मोठे तात्पुरते रुग्णालय, बंद केले की रुग्ण कमी होत असूनही टक्केवारी वर जाते. महिन्याचा खर्च वाचवायला मोकळे केंद्र गुंडाळावे की स्तर राखायला ते चालू ठेवावे, असा पेच यातून उभा राहिला. आणखी एक गोष्ट मोठ्या शहरांवर अन्याय करणारी होती. पुण्याच्या खाटांवर ग्रामीण पुणे, सातारा, नगरचे रुग्ण असत. नागपूरच्या खाटांवर अख्ख्या पूर्व विदर्भाचे. बाधित दर शहरातल्या रहिवाशांचा, खाटा मात्र सगळ्या प्रदेशाच्या, आणि दोन्ही आकडे एकाच शहराच्या नावावर.

मुंबई: मुभा होती, वापरली नाही

पहिल्या आठवड्यात मुंबईचा दर ५.५६ टक्के आणि खाटा ३२.५१ टक्के भरलेल्या: तिसरा स्तर. दुसऱ्या आठवड्यात ४.४० आणि २७.१२, म्हणजे दुसरा स्तर. तिसऱ्या आठवड्यात ३.७९ आणि २३.५६, म्हणजे सरळ पहिला. तरी महापालिकेने तिन्ही वेळा तिसराच स्तर ठेवला. लोकसंख्येची दाटी, लोकलने महानगर प्रदेशातून रोज येणारे लोक आणि तिसऱ्या लाटेची शक्यता ही त्यामागची कारणे.

वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय होता. सत्तेच्या दृष्टीने त्यातला एक तपशील महत्त्वाचा: सूत्र जिथे खुले करा म्हणत होते तिथे बंद ठेवायला आयुक्तांना कोणाची वेगळी परवानगी लागली नाही. आणि हा निर्णय, ज्याने लाखो लोकांच्या रोजीरोटीचे तास ठरले, महापालिकेच्या सभेपुढे मतासाठी यावा असे कोणत्याही कायद्यात नव्हते. लोकल कोणासाठी चालवायची हा तर मुंबईच्या गर्दीचा गाभा, पण ती रेल्वेची. तिथे महापालिकाच काय, राज्यही एकटे निर्णय घेऊ शकत नव्हते.

कोल्हापूर: दार वाजवत राहावे लागले

कोल्हापुरात उलटे झाले. पहिल्या यादीत जिल्ह्याचा दर १५ टक्क्यांच्या वर, खाटा ७० टक्क्यांच्या आसपास भरलेल्या: चौथा स्तर. बाकी राज्य हळूहळू उघडत असताना लक्ष्मीपुरी, महाद्वार रोडची दुकाने एप्रिलपासून बंदच होती. शहरातला दर जिल्ह्यापेक्षा कमी आहे, शहर वेगळे धरा, अशी व्यापाऱ्यांची मागणी होती. कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख. निकषात ती बसत नव्हती.

इथे महापालिकेने काय करायचे होते? सभा भरवून ठराव करावा तर सभाच नव्हती. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. जिल्हाधिकारी कडक करू शकत होते. सैल करायचे तर प्रश्न मंत्रालयात. म्हणून आंदोलन जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणि निवेदने मुंबईला, अशी दुहेरी धावपळ झाली.

प्रशासकाचा मुद्दा एकट्या कोल्हापूरचा नाही. निवडणुका लांबल्याने औरंगाबाद, नवी मुंबई, वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवली इथेही निवडून आलेले सभागृह नव्हते. म्हणजे स्वतंत्र घटक ठरलेल्या दहा महापालिकांपैकी चारांत. ‘सदुसष्ट तीन क’ खाली केलेल्या खर्चाचा अहवाल आयुक्ताने स्थायी समितीला द्यायचा, आणि प्रशासक नेमला की स्थायी समितीचे व सभेचे अधिकार त्याच्याचकडे. बहुतेक ठिकाणी प्रशासक म्हणजे आयुक्तच. अहवाल लिहिणारा आणि स्वीकारणारा एकच माणूस. या कलमातला अंकुश तेवढ्या काळापुरता नुसता कागदावर राहिला, आणि ज्या वर्षी विनानिविदा खर्च सर्वांत जास्त झाला नेमके त्याच वर्षी.

पुण्याची शुक्रवारची बैठक

पुण्यात तीन घटक होते: महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण. तीन वेगळे सक्षम अधिकारी. तरी निर्णय कळायचा तो दर शुक्रवारच्या आढावा बैठकीनंतर, तत्कालीन उपमुख्यमंत्री व पालकमंत्री अजित पवार पत्रकारांशी बोलायचे तेव्हा. मग रात्री वा दुसऱ्या दिवशी आयुक्तांची स्वाक्षरी होऊन आदेश येई.

आपत्ती कायद्यात पालकमंत्री नाही हे वर आलेच आहे. मग त्याचे वजन कुठून येते? जिल्हा नियोजन समितीतून. १९९८ च्या कायद्याने पालकमंत्री तिचा अध्यक्ष असतो आणि कोविडकाळात जिल्हा योजनेतला ठरावीक हिस्सा औषधे, ऑक्सिजन, खाटांसाठी वळवता येत होता. मे २०२० मध्ये राज्याने अर्थसंकल्पाच्या ३३ टक्क्यांचीच मर्यादा घातल्यावर जिल्ह्याला हाताशी असलेला पैसा मुख्यतः हाच. महापालिकांची अवस्थाही फार वेगळी नव्हती. जकात व स्थानिक संस्था कर गेल्यावर त्यांची मोठी आवक म्हणजे राज्याकडून दरमहा येणारी जीएसटी भरपाई. मालमत्ता कर त्या वर्षी थकलेला, बांधकाम परवानग्यांचे शुल्क आटलेले. ज्याच्या खिशावर आपण चालतो त्याच्या आदेशाविरुद्ध कोणता आयुक्त जाणार? शिवाय आयुक्ताची बदली राज्यच करते. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांचे आयुक्त २०२० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, साथ ऐन भरात असताना बदलले गेले.

हे सगळे वाईटच झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. तीन घटकांत एकसारखे नियम लागावेत यासाठी एक टेबल लागते, आणि पुण्यात ते टेबल पालकमंत्र्यांनी दिले. ठाण्यासारख्या जिल्ह्यात तसे नियमित टेबल असते तर जुलै २०२० मधला तारखांचा घोळ टळला असता. दोष इतकाच की या टेबलाचे इतिवृत्त कोणत्याही कायद्याखाली लिहिले जात नाही, आणि त्यावर प्रश्न विचारायला नगरसेवकाला व्यासपीठ नाही.

गावांचे काय

ग्रामपंचायतींची गोष्ट थोडक्यात. २०२० मध्ये मुदत संपलेल्या १४,२३४ ग्रामपंचायतींवर प्रशासक बसले. निवडणूक १५ जानेवारी २०२१ ला झाली. ग्रामसभा लांबणीवर टाकल्या गेल्या. वेशीवर काट्या-बाभळी टाकून केलेल्या गावबंदीला कायद्याचा आधार नव्हता. आणि तरी घरोघरी तापमान-ऑक्सिजन तपासणी, शाळेत विलगीकरण, बाहेरून आलेल्यांची नोंद ही कामे सरपंच, आशा सेविका, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक यांनीच केली. जून २०२१ मध्ये राज्याने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा काढून प्रत्येक महसूल विभागात ५०, २५ व १५ लाखांची बक्षिसे ठेवली. कोरोनामुक्त झालेल्या गावाला त्याबद्दल तालुक्यापेक्षा वेगळा स्तर मात्र मिळत नव्हता. काम गावाने करायचे, आकडा जिल्ह्याचा लागायचा.

चौकट कशी आवळली आणि कशी सुटली

२५ जूनला डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने राज्याने ठरवले की आकडे काहीही असोत, कोणताही घटक तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही. आकडे बिघडले तर लगेच वर, सुधारले तर दोन आठवडे वाट पाहून मग खाली. तीन आठवड्यांत पहिला व दुसरा स्तर कागदापुरता उरला. १४ जूनपासून संध्याकाळी सातपर्यंत उघडी असलेली पुण्याची दुकाने २८ जूनपासून पुन्हा चारला बंद होऊ लागली. सूत्राने दिलेली मोकळीक एका परिच्छेदात परत घेता आली, कारण ती मुळात अधिकार म्हणून दिलेलीच नव्हती.

२ ऑगस्टच्या आदेशाने बरेच जिल्हे खुले केले, पुणे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरसह ११ जिल्हे तिसऱ्या स्तरात ठेवले आणि मुंबई शहर, मुंबई उपनगर व ठाणे यांचा निर्णय तिथल्या प्राधिकरणांवर सोपवला. खुल्या जिल्ह्यांत दुकाने रात्री आठपर्यंत, रविवारी बंद. मुंबई महापालिकेने त्याच दिवशी आपल्या हद्दीत रोज रात्री दहापर्यंत मुभा दिली. या सबंध प्रकरणात राज्याच्या सर्वसाधारण चौकटीपेक्षा सैल नियम स्थानिक अधिकाऱ्याने केला याचे हे ठळक उदाहरण, आणि तेही आदेशात तसे लिहिले म्हणून. एक वाक्य पुरे होते. जूनमध्ये ते का घातले नाही हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः ज्या कोल्हापूर-सांगलीला त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यासाठी.

पुढच्या आदेशात काय पाहायचे

साथ असो, पूर असो वा उष्णतेची लाट, निर्बंधाचा आदेश हातात पडला की नगरसेवकाने, सरपंचाने किंवा व्यापारी संघटनेने काही गोष्टी आधी शोधाव्यात. आदेश कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, कारण दाद कुठे मागायची ते त्यावर ठरते. स्वाक्षरी कोणाची आहे. पत्रकार परिषदेतली घोषणा आदेश नव्हे. घटकाची हद्द कोणती आणि आपले गाव वा शहर कोणाच्या सरासरीत धरले आहे. आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे, त्यात कोणत्या चाचण्या मोजल्या, आणि खाटांच्या छेदात किती खाटा धरल्या. आदेशाला अंतिम मुदत आहे की ‘पुढील आदेशापर्यंत’. कडक करण्याची मुभा आहे, तशी सैल करण्याची आहे का, आणि असेल तर कोणाच्या संमतीने. महापालिकेत ‘सदुसष्ट तीन क’ चा अहवाल कोणत्या सभेपुढे, कधी आला. यातली निम्मी उत्तरे माहिती अधिकारात मिळतात, पण अर्ज आठवड्याभरात गेला तरच ती उपयोगाला येतात.

कायद्यातही एक बदल झाला आहे. २०२५ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ४१-अ आले. राज्याच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरे यांच्यासाठी (दिल्ली व चंडीगड वगळून) राज्य सरकार नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापू शकते. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी, बाकी सदस्य राज्य ठरवेल तसे. उल्हासनगर, सोलापूर, कोल्हापूरसारख्या शहरांना स्वतःचे प्राधिकरण मिळण्याची वाट यातून खुली होते, हे चांगलेच. महापौराला याही वेळी जागा मिळालेली नाही. पण ‘बाकी सदस्य’ हे दोन शब्द राज्याच्या अधिसूचनेने भरायचे आहेत. त्यात महापौर, विरोधी पक्षनेता, आरोग्य अधिकारी आणि त्या हद्दीचा पोलीस उपायुक्त घालता येतो; ठरावीक आकड्यांच्या आत निर्बंध सैल करण्याचा अधिकारही त्याच अधिसूचनेच्या आधाराने प्राधिकरणाला देता येईल, आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त सात दिवसांत सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याची अटही. हे करायला संसदेत जावे लागत नाही. मंत्रालयातून निघणारी एक अधिसूचना लागते, आणि ती साथ नसताना लिहावी लागते.